जुनी गाडी आणि नवें इंजिन

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझीं पस्तीसांहून अधिक वर्षें गेलीं. त्या अवधींत राजांच्या वंशावळी, तहांचीं कलमें आणि लढायांचीं सालें यांची उजळणी मीं इतक्या वेळां करून घेतली आहे कीं, आतां निवृत्तीनंतर पुन्हां त्या वाटेस जावेंसें वाटत नाहीं. म्हणून आज आपणांपुढें मी एका अगदीं सामान्य वस्तूचा इतिहास मांडणार आहें. ती वस्तु म्हणजे अमेरिकेंतील शेतकऱ्याची पिकअप गाडी. पुढें दोघांतिघांस बसण्यापुरती जागा आणि मागें माल टाकण्यास उघडा हौदा, असें जिचें रूप आतां आपल्याकडेहि सर्वांच्या ओळखीचें झालें आहे, ती. त्या इतिहासांतीलहि एकच प्रकरण मीं निवडलें आहे. जुन्या गाडींतील दुबळें इंजिन काढून तिच्या जागीं मोठें इंजिन बसविण्याची चाल कशी पडली, आणि तिनें लोकांस काय शिकविलें, हें तें प्रकरण.

या विषयाकडे माझें लक्ष वळविलें तें एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रानें. हा विद्यार्थी कॅलिफोर्नियांत स्थायिक झाला असून तेथें त्यानें १९५१ सालची एक शेव्हरोले पिकअप विकत घेतली आहे. गाडी चालते, पण हमरस्त्यावर नेली कीं मागच्या गाड्या कर्णे वाजवूं लागतात. शेजारीपाजारी म्हणतात, आठ सिलिंडरांचें इंजिन बसीव म्हणजे झालें. त्यावर त्यानें मला लिहिलें : “गुरुजी, जुन्या वस्तु जपाव्या असें आपण आम्हांस वर्गांत शिकविलें. मग सत्तर वर्षांहून अधिक आयुष्य झालेल्या गाडीचें मूळ इंजिन काढणें म्हणजे इतिहासाचा नाश करणें नव्हे काय ?” प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं ही गाडी मुळांत जन्मली कशी, हें पाहणें मला अवश्य वाटलें.

फोर्ड कंपनीनें आपली प्रसिद्ध ‘टी’ नमुन्याची मोटार १ ऑक्टोबर १९०८ रोजीं बाजारांत आणिली. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, २.९ लिटर मापाचें व अवघें वीस अश्वशक्तीचें होतें. गाडी स्वस्त, उंच आणि चिवट असल्यामुळें चिखलाच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या शेतकऱ्यानें ती उचलली. पण ती जशीच्या तशी ठेविली नाहीं. कोणी मागची बैठक काढून तेथें लांकडी पेटी ठोकली आणि दूध, बटाटे, कोंबड्या बाजारास नेऊं लागला. कोणी मागचें चाक जमिनीपासून उचलून धरून त्यावर पट्टा चढविला आणि लांकूड कापण्याची करवत चालविली. कारखान्यानें स्वतः हौदा बसवून अशी गाडी विकावयास काढली ती एप्रिल १९२५ मध्यें, २८१ डॉलर किंमतीस. म्हणजे पिकअप ही गाडी कारखान्याच्या विक्रीपत्रकांत येण्यापूर्वींच शेतकऱ्यांच्या अंगणांत तयार झालेली होती. हें येथें ध्यानांत ठेवणें जरूर आहे. कारण मूळ वस्तु जशी मिळाली तशीच राखावी हा दंडक या गाडीच्या बाबतींत पहिल्या दिवसापासूनच कोणी पाळलेला नाहीं.

१९२७ सालीं ‘टी’ गाडीचें उत्पादन थांबलें, तोंवर दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. तिच्या मागोमाग चाळीस अश्वशक्तीची ‘ए’ गाडी आली. आणि १९३२ च्या मार्चअखेर हेन्री फोर्ड यांनीं जें इंजिन लोकांपुढें ठेविलें, त्यानें आपल्या या प्रकरणास खरा आरंभ झाला. तें इंजिन आठ सिलिंडरांचें होतें. चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणें एकमेकींशीं कोन करून बसविलेल्या. म्हणून त्यास ‘व्ही-आठ’ असें नांव पडलें. अशीं इंजिनें त्यापूर्वींहि होतीं, परंतु तीं श्रीमंतांच्या गाड्यांत. त्यांचें अंग निरनिराळे भाग ओतून व मग जोडून बनवावें लागे, आणि तें काम खर्चाचें असे. फोर्डनें तें सबंध अंग एकाच सांच्यांत, एकाच वेळीं बिडाचें ओतण्याची युक्ति साध्य केली. ३.६ लिटर मापाचें, ६५ अश्वशक्तीचें हें इंजिन घातलेली सर्वांत स्वस्त गाडी ४६० डॉलरांस मिळूं लागली.

काळ मोठ्या मंदीचा होता. १९२९ च्या पडझडीनंतर पुष्कळांस नवी गाडी घेण्याचें सामर्थ्य उरलें नव्हतें. परंतु रस्त्यावर गाड्या आल्या म्हणजे अपघात येतात, आणि अपघातांत सांपडलेल्या गाडीचा सांगाडा वांकला तरी इंजिन पुष्कळदां शाबूत राहतें. अशीं इंजिनें भंगाराच्या आवारांत थोड्या डॉलरांत मिळूं लागलीं. इकडे जुनी ‘टी’ किंवा ‘ए’ गाडी तर कवडीमोलानें मिळत होती. हीं दोन स्वस्ताईचीं टोकें एकत्र आणण्याची कल्पना कोणा एकाच्या डोक्यांत आली असें म्हणतां येत नाहीं. ती शेंकडों ठिकाणीं एकदम आली. दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुण अशा गाड्या घेऊन म्युरॉक येथील कोरड्या पडलेल्या सरोवराच्या सपाट तळावर शर्यती लावीत. या शर्यतींस शिस्त लावण्यासाठीं १९३७ सालीं तेथील मंडळांनीं मिळून एक संघहि स्थापन केला.

या पहिल्या पिढीस दोन धडे फार लौकर मिळाले. पहिला धडा उष्णतेचा. फोर्डच्या त्या इंजिनांत जळलेला वायु बाहेर नेणाऱ्या वाटा बिडाच्या अंगांतूनच, पाण्याच्या पोकळींजवळून काढलेल्या होत्या. त्यामुळें इंजिन तापे, आणि लहान गाडीच्या लहान रेडिएटरास तें निववतां येत नसे. दुसरा धडा अधिक कठोर होता. ‘टी’ गाडीचा पायानें दाबावयाचा ब्रेक चाकांवर नव्हताच. तो गिअरच्या पेटींत होता. पुढच्या चाकांस तर ब्रेकच नव्हता. वीस अश्वशक्तीस जें रोधक पुरत असे तें तिप्पट शक्तीस कसें पुरणार ? पुढें फोर्डनें १९३९ च्या गाड्यांस तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक दिले, तेव्हां जुन्या फोर्ड गाड्या बाळगणाऱ्यांनीं तेहि भंगारांतून आणून आपल्या गाड्यांस बसविले. शक्ति आधीं आली, आणि आवर मागाहून आला. या सबंध इतिहासांत हा क्रम वारंवार दिसतो, आणि त्याची किंमत कित्येकांनीं हातपाय मोडून घेऊन दिली आहे.

दुसऱ्या महायुद्धानें हें सारें कांहीं काळ थांबविलें. फेब्रुवारी १९४२ मध्यें अमेरिकेंत खाजगी मोटारींचें उत्पादन बंद झालें आणि पेट्रोलवर नियंत्रण आलें. परंतु युद्धानेंच पुढच्या खेपेचा मालहि तयार करून ठेविला. जीएमसी या कारखान्यानें सैन्यासाठीं अडीच टनांच्या मालमोटारी पांच लाखांहून अधिक बनविल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीकडील रस्त्यांवरहि त्या धांवल्या. त्यांत ४.४ लिटर मापाचें सहा सिलिंडरांचें दणकट इंजिन असे. युद्ध संपल्यावर सैन्याचा शिल्लक माल विकावयास निघाला, आणि हीं इंजिनें शेतकऱ्यांच्या व तरुण कारागिरांच्या हातीं पडूं लागलीं.

आतां आपण माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीपाशीं येऊं. १९४७ च्या उन्हाळ्यांत शेव्हरोलेनें नव्या घडणीची पिकअप बाजारांत आणिली आणि ती फार लोकप्रिय झाली. तिचें इंजिन सहा सिलिंडरांचें, ३.५ लिटर मापाचें व सुमारें नव्वद अश्वशक्तीचें होतें. तें इंजिन वाईट होतें असें मुळींच नव्हे. हळू चालण्यांत, ओझें ओढण्यांत आणि हयगय सोसण्यांत त्याची बरोबरी करणारीं इंजिनें थोडीं. परंतु त्याची रचना एका विशिष्ट गतीच्या जगासाठीं झाली होती. मुख्य दांड्यास वंगण पंपाच्या दाबानें पोंचे. पण दट्ट्यास दांड्याशीं जोडणाऱ्या भुजांस तें तसें पोंचत नसे. त्या भुजांच्या टोकांस लहान पळ्या असत. त्या खालच्या तेलांत बुडत आणि तेल उडवून घेत. सावकाश फिरतांना ही योजना उत्तम चाले. फार वेगानें व फार वेळ फिरविलें म्हणजे भुजांतील मऊ धातूचें अस्तर झिजून इंजिन ठोके देऊं लागे.

शिवाय मागच्या आंसांतील दांत्यांचें प्रमाण ४.११ होतें, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा चार वेळां व किंचित् अधिक फिरला म्हणजे चाक एकदां फिरे. चढावर गवताच्या पेंढ्या नेण्यास हें योग्यच. परंतु ताशीं साठ मैलांनीं जावयाचें म्हटलें तर त्या इंजिनास मिनिटास सुमारें तीन हजार फेरे करावे लागत. गांव ते बाजार एवढेंच जग होतें तोंवर कोणाची तक्रार नव्हती. पुढें २९ जून १९५६ रोजीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं राष्ट्रीय हमरस्त्यांच्या कायद्यावर सही केली, आणि सबंध देशभर न थांबतां वेगानें जाण्याचे रस्ते झाले. गाडी होती तीच राहिली. तिच्या खालचा रस्ता बदलला. इंजिन बदलण्याच्या चालीचें खरें मूळ केवळ तरुणांच्या हौसेंत नव्हे, तर या बदलांत आहे असें मला वाटतें.

उपाय तीन निघाले. पहिला अगदीं सौम्य : शेव्हरोलेचेंच पुढचें, ३.९ लिटर मापाचें सहा सिलिंडरांचें इंजिन बसवावयाचें. १९५४ च्या पिकअपमध्यें तें ११२ अश्वशक्तीचें होतें, आणि मुख्य म्हणजे त्यांत सर्वत्र दाबानें वंगण पोंचविण्याची सोय होती. बाहेरून पाहणारास फरक कळूं नये इतकें तें जुन्यासारखें. मात्र १९५५ व नंतरचें घेतल्यास त्याचा पाण्याचा पंप वेगळ्या आकाराचा, म्हणून एक जोडपट्टी घालून जुनाच पंप लावावा लागे. दुसरा उपाय जीएमसीच्या त्या लष्करी इंजिनाचा. त्यांत जोर मोठा. पण तें लांबीनें अधिक, म्हणून रेडिएटर पुढें सरकवावा लागे.

तिसरा उपाय मात्र इतिहास घडविणारा ठरला. एड कोल या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखालीं शेव्हरोलेनें १९५५ च्या नमुन्यांसाठीं ४.३ लिटर मापाचें नवें व्ही-आठ इंजिन काढलें. तें मोटारींत १६२ अश्वशक्ति देई. आणि चमत्कार असा कीं, सहा सिलिंडरांच्या इंजिनापेक्षां तें वजनानें किंचित् हलकेंच होतें. बिडाच्या भिंती पातळ ओतण्याच्या नव्या कौशल्याचें हें फळ. परंतु त्याच्या कीर्तीचें खरें कारण याहून साधें आहे. त्या इंजिनांतील दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४.४ इंच ठेविलें होतें. पुढें इंजिन मोठें होत गेलें. १९५७ सालीं ४.६ लिटर, १९६२ सालीं ५.४ लिटर, १९६७ सालीं ५.७ लिटर, पण हें अंतर बदललें नाहीं, आणि बाह्य आकारहि बहुतेक तोच राहिला. त्यामुळें एकदां त्याच्यासाठीं तयार केलेल्या जागेंत दहा, वीस वर्षांनंतरचें इंजिनहि बसे. पुढें अंतर्रचना अगदीं बदललेल्या नव्या पिढ्या निघाल्या, तरी ४.४ इंचांचें माप टिकलें. २०११ सालीं कंपनीनें या कुळांतील दहा कोटींवें इंजिन तयार झाल्याचें जाहीर केलें. जी वस्तु इतकी विपुल, तिचे सुटे भाग स्वस्त. जिचे भाग स्वस्त, तिच्यावर सामान्य माणूस हात चालवूं शकतो.

हें काम प्रत्यक्ष करतांना काय अडचणी येतात तें थोडक्यांत सांगतों. कारण त्यांतच या गोष्टीचें सार आहे. जुनें इंजिन लांब व अरुंद, नवें आंखूड व रुंद. त्यामुळें डाव्या बाजूस त्याची धूर नेणारी नळी सुकाणूच्या पेटीशीं भिडते. मागें ठिणगी वांटणारें यंत्र चालकापुढील पत्र्यास टेकूं पाहतें. पुढें मात्र जागा रिकामी राहून पंखा रेडिएटरापासून दूर पडतो, म्हणून वारा ओढून घेण्यास त्यावर टोपण घालावें लागतें. ही झाली जागेची अडचण. नंतर शक्ति चाकांपर्यंत नेण्याची. १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या शेव्हरोले पिकअपमध्यें तो दांडा एका बंद नळींतून मागच्या आंसास जाई. नव्या गिअरपेटीशीं त्याचें जमत नाहीं. तेव्हां आंसहि बदलावा लागतो, आणि बहुधा नंतरच्या पिकअपचा आणून बसवितात. म्हणजे इंजिन बदलावयास निघालेला मनुष्य क्लच, गिअर, दांडा, आंस आणि रेडिएटर इतकें बदलूनच परत येतो.

आणि मग ब्रेक. येथें मला माझ्या फळ्यावरचें एक गणित आठवतें. चालत्या वाहनाच्या अंगीं जी शक्ति सांठलेली असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ४५ चा वर्ग २०२५ आणि ६५ चा ४२२५. म्हणजे ताशीं ४५ मैलांऐवजीं ६५ मैलांनीं जाणारी तीच गाडी थांबविण्यास ब्रेकला दुपटीहून अधिक काम करावें लागतें. त्यांतून जुन्या पिकअपच्या ब्रेकांस तेल पोंचविणारा मार्ग एकच असतो. तो फुटला म्हणजे चारहि चाकांचा आवर एकदम जातो. म्हणून जाणते कारागीर दोन स्वतंत्र मार्गांची योजना बसवितात आणि पुढच्या चाकांस तबकडीचे ब्रेक देतात, जे शेव्हरोलेच्या पिकअपांस १९७१ पासून कारखान्यांतूनच मिळूं लागले. आमच्या खेड्यांत नव्या दमाचा खोंड मोडक्या छकड्यास कोणी जुंपीत नसे. जुंपलाच तर खोंडास कांहीं होत नसे. आंस मोडे, आणि आंत बसलेलीं माणसें पडत.

शक्तीस आवर घालणारी दुसरी गोष्ट कायद्याची. लॉस अँजेलिसच्या धुरकट हवेनें लोकांचे डोळे चुरचुरूं लागले, आणि १९७० सालीं अमेरिकेंत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला. १९७५ च्या नमुन्यांपासून बहुतेक मोटारींस धूर शुद्ध करणारी डबी लागली. कॅलिफोर्नियांत आज नियम असा आहे कीं, बदलून घालावयाचें इंजिन गाडीच्या सालापेक्षां जुनें असूं नये आणि त्याचीं धूर रोखणारीं सर्व साधनें त्याजबरोबर यावींत. १९७५ पर्यंतच्या नमुन्यांस नियतकालिक धूरतपासणींतून सूट आहे, म्हणूनच जुन्या पिकअपांस तेथें इतकी मागणी. आपल्याकडे मात्र हातावर हात ठेवून विचार करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें दिलेला व नोंदणीपत्रकांत उतरलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें पुन्हां स्पष्ट केलें आहे. अमेरिकेंतील हकीकत ऐकून कोणा तरुण श्रोत्यानें वडिलांच्या जीपवर पाना चालवूं नये, एवढ्यासाठीं हें सांगितलें.

अलीकडे तर या चालीनें नवें वळण घेतलें आहे. २०२१ च्या नोव्हेंबरांत फोर्ड कंपनीनेंच आपली १९७८ सालची एक पिकअप प्रदर्शनांत मांडली. तिच्यांतून पेट्रोलचें इंजिन अजिबात काढलेलें, आणि जागीं दोन विजेच्या मोटारी. शक्ति ४८० अश्वांची. पूर्वीं अंगणांत लपूनछपून होणारें काम आतां कारखानदारच प्रतिष्ठेनें दाखवितो, हा बदल लहान नव्हे.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. त्याला मीं असें लिहिलें कीं, इंजिन बदलणें हा या गाडीच्या इतिहासाचा नाश नसून त्या इतिहासांतील एक जुनें व खरें प्रकरण आहे. शेतकऱ्यानें लांकडी पेटी ठोकली त्या दिवसापासून तें लिहिलें जात आहे. पण दुसरी बाजूहि खरी आहे. ज्या वस्तु एके काळीं लाखांनीं होत्या त्या मूळ रूपांत दुर्मिळ होतात, आणि पळ्यांनीं तेल उडविणारें तें इंजिन कसें चाले हें प्रत्यक्ष दाखविण्यास उद्यां एखादें तरी शिल्लक राहिलें पाहिजे. तेव्हां जें पुन्हां पूर्ववत् करतां येईल तें खुशाल कर. जें येणार नाहीं तेथें थांब. सांगाडा कापूं नकोस. जुनें इंजिन भंगारांत देऊं नकोस. तेल घालून, झांकून कोपऱ्यांत ठेव. तुला केवळ मागच्या कर्ण्यांपासून सुटका हवी असेल तर १९५४ चें सहा सिलिंडरांचें इंजिन तुला पुरेल. आठांचेंच हवें असेल तर पहिला पैसा ब्रेकवर खर्च कर, दुसरा आंसावर, आणि उरेल तो इंजिनावर.

त्याचें उत्तर परवांच आलें. त्यानें सहा सिलिंडरांचेंच इंजिन निवडलें आहे, आणि ब्रेकचें काम आधीं हातीं घेतलें आहे. तूर्त गाडी चार लांकडी ठोकळ्यांवर उभी आहे, हौद्यांत तिचें जुनें इंजिन ताडपत्रीखालीं ठेविलें आहे, आणि त्याची आठ वर्षांची मुलगी त्याला पाने उचलून देते, असें तो लिहितो.